पासष्ट लिटरची सॅक

१७ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

ठरलं. ब्राह्मीला घेऊन वासोट्याला जायचं. बामणोलीहून बोटीत बसायचं, जंगलातून चढायचं, वरून कोयनेचं पाणी बघायचं. मग तीच म्हणेल, आण्णा, राहू दे ते दीक्षेचं.

पोरगी सत्तावीस वर्षांची. पुण्यात चांगली इंजिनिअर होती. दर शनिवारी पाठीवर सॅक टाकून कुठल्या ना कुठल्या गडावर. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि जैन साधू-साध्वींच्या संघाबरोबर फिरायला लागली. आता फेब्रुवारीत आर्यिका दीक्षा घ्यायची म्हणते. म्हणजे अंगावर एक पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिंछी आणि एक कमंडलू. दिवसातून एकदाच जेवण, पाणीही त्याच वेळी. गाडी नाही, चप्पल नाही, घर नाही. आई-बाप नाहीत.

महाराजांना आई-वडील दोघांची अनुमती लागते. प्रभावतीनं दिली, रडत रडत का होईना. मी दिलेली नाही. देणारही नाही. तसा मी धर्माच्या आड येणारा माणूस नाही. दुसऱ्यांच्या मुलींच्या दीक्षेला मिरवणुकीत मी कायम पुढं असतो.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ

विचारलं. संघ सध्या सांगलीतच आहे, म्हणून ती रोज एकदा जेवायला घरी येते. मला वाटलं नियम सांगेल. चला की आण्णा, म्हणाली, दिवस मावळायच्या आत परत आणा म्हणजे झालं. इतक्या सहज! डोंगराचं नाव काढल्यावर डोळे चमकले. प्रभावती म्हणाली, तुमाला वाटलं तसं. प्रभावतीचा चष्म्याचा नंबर वाढलाय.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला कृष्णेच्या घाटापर्यंत चालायचं. महिन्यात दहा किलो कमी.

१८ नोव्हेंबर

धुकं होतं.

१९ नोव्हेंबर

धुकं नव्हतं, पण असेल असं वाटलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

सॅक घेतली. ब्राह्मीची जुनी होती, ती तिनं हॉस्टेलच्या पोरींना देऊन टाकली. बूट दिले, काठी दिली, तंबू दिला. देताना मला विचारलं नाही.

दुकानदार विश्वजित म्हणून एक दाढीवाला गृहस्थ आहे. त्यानं टेप घेऊन मानेपासून कमरेपर्यंत माझी पाठ मोजली. छप्पन्न वर्षांत माझ्या पाठीत कुणी एवढा रस घेतला नव्हता. मग कमरेचा पट्टा बांधायला लागला. काका, कमरेला लावा, पोटावर नको, म्हणाला. मी म्हटलं, कंबर कुठं आहे ते तूच शोध.

सॅक लिटरमध्ये मोजतात. मला आधी चेष्टाच वाटली. किती दिवसांचा ट्रेक, त्यानं विचारलं. एक दिवसाचा. मग तीस लिटर बास झाली. मी म्हटलं, पासष्ट दे. तो म्हणाला, एवढं काय न्यायचंय? आता अख्खं घर न्यायचंय, असं दुकानात उभं राहून कसं सांगणार? मोठं कुटुंब आहे म्हटलं.

सॅक भरायची कशी हेही त्यानं शिकवलं. जड वस्तू पाठीला चिकटून, हलक्या खाली, लागणाऱ्या वर. मी तीस वर्षं मार्केट यार्डात हळदीचा अडत्या. लाखभर पोती डोळ्यांदेखत भरली गेली, शिवली गेली. आणि हा मला भरायला शिकवतो. सभ्यपणानं ऐकून घेतलं. रंग हळदीचाच घेतला.

१ डिसेंबर

यादी केली. दशम्या, तिळाची चटणी, बिनलसणाचं भडंग, बेदाणे, शेंगापोळ्या. सगळं तिच्या आवडीचं. ती एकदाच जेवते हे मला माहीत आहे. पण डोंगरावर भूक वेगळी लागते. तीन लिटर पाणी, उकळून, गाळून. तिचं निळं जॅकेट, हे मी कपाटात मागं लपवून ठेवलं होतं म्हणून वाचलं. मोजे दोन जोड. मलम. छत्री. दुर्बीण. जुना मोबाईल, त्यात तिचे सगळ्या गडांवरचे फोटो आहेत. वर बसून एकेक दाखवायचे. राजगडचा पावसातला शेवटी.

प्रभावती यादी वाचून गेली. तुमचं काय हाय ह्यात, एवढंच म्हणाली. माझं काय असायचंय? मी उचलणार.

५ डिसेंबर, दुपार

दुकानात सॅक भरली. प्रयोग यशस्वी.

आमचा हमाल जोतीराम म्हणाला, मालक, लय झालं. त्याला दाखवलं, पोतं कसं भरतात. अर्धं भरायचं, दोन्ही कान धरून जमिनीवर दणादण आपटायचं, माल खाली बसतो, मग वर आणखी जागा होते. तसंच केलं. पासष्ट लिटरमध्ये ऐंशी लिटरचा माल बसला. शेंगापोळ्यांचा चुरा झाला, पण चुरा जागा कमी घेतो.

मग वरची चेन तुटली. कंपनीचा दोष. जोतीरामकडून दाभण घेऊन सुतळीनं तोंड शिवून टाकलं, दुहेरी टाका. काट्यावर वजन बावीस किलो तीनशे ग्रॅम.

जोतीरामनं एकदा पाठीवर घेऊन बघितली. तोंड वाकडं केलं. म्हणाला, आवं मालक, पोत्यापेक्षा हलकं हाय, पण वडतंय मागं. ताईस्नी चालायचंय का तुमास्नी? मी म्हटलं, दोघांना. तो परत कामाला गेला आणि जाताना म्हणाला, माझी पोरगी कडेगावात दिलीया, तरी जेवताना आठवण येती. कुणी विचारलं होतं याला?

१० डिसेंबर

वासोटा थोडा पुढं ढकलला. गुडघ्याचं काही नाही. बोटीचं काही सांगता येत नाही, वनखात्याचे नियम असतात. आधी सराव म्हणून दंडोबाच्या डोंगरावर जाऊ. मिरजेच्या पुढं, जवळ. ब्राह्मी याही गोष्टीला चला की म्हणाली. ती कशालाही चला की म्हणते हे ती पुण्याला असतानाच मी ओळखायला हवं होतं.

पहाटेचं चालणं: एकूण चार दिवस. पैकी दोन दिवस भाजी आणायला.

१५ डिसेंबर, रविवार, संध्याकाळी ७

मोहीम फत्ते! सविस्तर लिहितो.

तिचं जेवण साडेनऊला घरी झालं. अकराला डोंगराच्या पायथ्याशी. ती पांढऱ्या साडीत, अनवाणी. मी नव्या बुटांत, पाठीवर सॅक. पहिल्या चढाला मी बसलो, दृश्य बघायला. दुसऱ्या वळणावर पुन्हा दृश्य बघायला बसलो. तिसऱ्यांदा जिथं बसलो तिथं दृश्य नव्हतं, नुसती करवंदीची जाळी होती.

तेव्हा ती माझ्या मागं येऊन उभी राहिली. पट्टे सोडवले आणि सॅक स्वतःच्या पाठीवर घेतली. आधी कमरेचा पट्टा आवळला, मग खांद्यांचे, मग छातीचा. एका दमात. विसरलेली नाही! बावीस किलो घेऊन ती पुढं चालली, मी मागं. तिच्या टाचांना भेगा पडल्यात, त्या मला खालून दिसत होत्या. एरवी दिसत नाहीत, आपण पोरांच्या मागं कधी चालतो?

वर पोचल्यावर मला भूक लागली. सॅकचं तोंड शिवलेलं. दाभण दुकानात. दगडानं घासलं, दातांनी ओढलं, किल्लीनं प्रयत्न केला. टाका हलेना, टाका माझाच, हलणार कसा? ब्राह्मी बघत होती. मग हसायला लागली. आण्णा, तुम्ही सॅक शिवून आणली! असं म्हणून पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसलो. दोन वर्षांनी ती तशी हसली.

उपाशीच उतरलो. सॅक तिच्याच पाठीवर. गाडीत बसताना म्हणाली, आण्णा, आजचा दिवस लय चांगला गेला. मी मनात म्हटलं, झालं काम. जी मुलगी असं हसते ती संसार सोडेल?

१६ डिसेंबर

जेवून झाल्यावर माझ्यासमोर बसली. म्हणाली, आण्णा, अनुमती द्या.

मी म्हटलं, कालच तर डोंगरावर जाऊन आलो. ती म्हणाली, व्हय, म्हणूनच आज मागते. तुम्ही नाही म्हणालात तर मी थांबेन. वर्षभर थांबेन, दहा वर्षं थांबेन. तुमचं मन दुखवून नाही जाणार.

थांबेन म्हणाली! प्रभावतीला आत जाऊन सांगितलं. ती कणीक मळत होती. तिनं विचारलं, कुठं थांबंल म्हणाली? घरात का संघात?

हे विचारायचं राहिलं.

१७ डिसेंबर

विचारलं. संघात.

१२ जानेवारी, रविवार

दीक्षेच्या पत्रिका छापून आल्या. माझं नाव आहे खाली, माता-पिता म्हणून. कुणी छापायला सांगितलं? मी हो म्हणालेलो नाही. तसं बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, जाऊन ठणकावून सांगणार होतो, पण आज हळदीची नवी आवक सुरू झाली.

वासोट्याची तारीख पक्की केली: २५ जानेवारी. यावेळी माघार नाही. सॅक घरी आणून उसवली आणि पुन्हा भरायला बसलो. ब्राह्मी आली, बघत उभी राहिली, मग खाली बसली. म्हणाली, आणा इकडं, मी शिकवते.

तिनं सगळं बाहेर काढलं. एकेक वस्तू हातात घेऊन विचारायची, दंडोबावर ही लागली का? दुर्बीण लागली का? नाही. बाजूला. मोजे? तुला लागले असते. ती म्हणाली, मी मोजे घालत नाही. बाजूला. छत्री, मलम, दुसरी छत्री. बाजूला. जुना मोबाईल तिनं उलटा करून बघितला आणि चालू न करता ठेवला. मी म्हटलं, राजगडचा तरी बघ. ती म्हणाली, आठवतोय की मला, पाऊस होता.

मग जॅकेट निघालं. ते तिनं ओळखलं. हे कुणाला, विचारलं. मी म्हटलं, वर वारा असतो, तुला थंडी वाजली तर.

ती बराच वेळ जॅकेटवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, आण्णा, मला थंडी वाजणार. थंडीत वाजणार, पावसात भिजणार, उन्हात पाय भाजणार. ते तुम्हाला थांबवता यायचं नाही. आणि तिच्या आवाजात काहीतरी झालं. क्षणभर मला वाटलं, आता रडेल, आता थांबेल. ती रडलीच. पण घडी घालत रडली आणि जॅकेट नीट बाजूला ठेवलं.

शेवटी सॅकमध्ये पाण्याची बाटली आणि एक टॉवेल उरला. एवढं बास होतं, म्हणाली.

ती गेल्यावर सगळं परत भरलं.

२४ जानेवारी

वासोटा रद्द. बोटवाल्यांना फोन लागला नाही. फोन केला असता तर लागला नसता, अशी माझी खात्री आहे. आवक जोरात आहे. शिवाय एवढ्या लांब नेऊन ती पुन्हा हसली आणि पुन्हा अनुमती मागितली तर काय करायचं?

२६ जानेवारी, रविवार

बस्तीत सभा होती. सगळा समाज जमलेला. सॅक गाडीतच होती, पुढच्या आठवड्यात जमलंच तर म्हणून. महाराज माझ्याकडे बघून विचारणार हे माहीत होतं. उत्तर चार ओळींत पाठ करून गेलो होतो. धर्माचा आदर आहे, पण एकच मुलगी आहे, तिच्या आईची तब्येत, वगैरे. तब्येत प्रभावतीची उत्तम आहे, पण सभेत चालतं.

नाव पुकारलं. उठलो. माईक हातात दिला. ब्राह्मी समोर बसली होती, नजर खाली. माझ्याकडे बघत नव्हती. नुसती डाव्या हातानं उजव्या हाताचं बोट धरून बसली होती, दहावीच्या निकालाला बसली होती तशी. त्या दिवशी मी निकाल बघून मुद्दाम दोन मिनिटं तोंड पाडून उभा राहिलो होतो आणि ती पांढरीफटक पडली होती. मग पेढे काढले होते.

मी म्हणालो, अनुमती आहे.

माईक फार कर्कश होता. लांबलचक बोलणं बरं दिसलं नसतं.

२७ जानेवारी

अनुमती दिली म्हणून सगळं संपत नाही. पुष्कळ जणी ऐनवेळी मागं फिरतात असं ऐकून आहे. कुणाकडून ऐकलं ते आठवत नाही.

६ फेब्रुवारी

दीक्षा झाली. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती.

आधी केस. ते हातानं उपटतात, एकेक मूठ. मी मान खाली घातली. प्रभावतीनं शेवटपर्यंत बघितलं. ती म्हणाली, एकदा सुदिक हूं केलं न्हाई पोरीनं. लहानपणी कंगवा अडकला तरी घर डोक्यावर घ्यायची.

नंतर तिनं सगळ्यांची क्षमा मागितली. आमच्यासमोर आली, हात जोडले. आई, आण्णा, माझं काही चुकलं असेल तर क्षमा करा. आण्णा हे शेवटचं. यापुढं मी तिचा कुणी नाही. मी म्हणालो, तुझं काही चुकलं नाही. मला म्हणायचं होतं, माझं काय चुकलं ते सांग. त्याला वेळ नव्हता, मागं रांग होती.

आता ती माताजी. नवं नाव मिळालं. चांगलं आहे. लिहायला घेतलं की हात ब्राह्मीच लिहितो.

८ फेब्रुवारी

काल तिचा उपवास होता. आज पहिला आहार. आमच्याच दारात होणार याबद्दल मला शंका नव्हती. आर्यिका आहाराला निघताना मनात एक खूण धरतात. ती खूण ज्या दारात दिसेल तिथंच थांबायचं. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात कलश. सांगायचं नसतं. बापाला कळणार नाही तर कुणाला?

मी नारळ घेतला. प्रभावतीनं कलश. ओवाळायला दिवा. खिशात डाळिंब, हळकुंड, बेदाणे, असूदे म्हणून. ती गल्लीत वळली. आम्ही ओरडायला लागलो, वंदामि माताजी, वंदामि, अत्र तिष्ठ तिष्ठ! माझा आवाज सगळ्यात मोठा. ती आमच्यासमोर आली. दारापाशी पाऊल हळू पडलं. मी खिशातलं डाळिंब पण काढलं.

पुढं गेली. चौथ्या घरी थांबली.

प्रभावती तिथं गेली, तिच्या ओंजळीत एक घास ठेवून आली. मी गेलो नाही. हातात वस्तू फार होत्या.

९ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी ६

आज संघाचा विहार. सांगलीहून मिरज, पुढं कवठे महांकाळ, मग कर्नाटकात. सगळं पायी. मी ठरवलं होतं की कवठे महांकाळपर्यंत तिच्याबरोबर चालायचं, तिला वाटेत काय लागेल सांगता येत नाही. म्हणून सॅक घेतली. भरलेलीच होती.

दुपारी तीनला निघालो. ऊन चांगलं होतं. पुढं संघ, मागं शंभरेक माणसं. संघाबरोबर चालणाऱ्या एकानं तिचा कमंडलू धरला होता. त्यानं मला ओळखलं, म्हणाला, तुमी वडील न्हवं? घ्या, तुमी धरा. आणि माझ्या हातात दिला. लाकडी, हलका. पिंछी तिच्या हातात होती आणि बाकी तिचं जगात जे काही सामान आहे ते माझ्या हातात होतं. मला वाटलं, हे मी कर्नाटकापर्यंत नेईन.

सॅक मागं ओढत होती. जोतीरामचं बरोबर होतं. पुष्पराज चौकात श्वास लागला. विश्रामबागला गुडघा. ती माझ्यापुढं दहा पावलांवर, चार हात पुढची जमीन बघत चालत होती, पायाखाली मुंगीही येऊ नये म्हणून. तसंच चालायचं असतं, मागं वळून बघायचं नसतं. विश्रामबागच्या पुढं एका पेट्रोल पंपाजवळ मला पुढचं पाऊल टाकता येईना. शेजारून चालणाऱ्याला म्हटलं, जरा धरता का? त्यानं कमंडलू घेतला आणि पुढं गेला. मी दुभाजकाच्या कडेला बसलो.

बसल्यावर पट्टे सोडवले. पाठ एकदम हलकी झाली, उठता आलं, चार पावलं सहज टाकता आली. तेव्हा सुचलं की कमंडलू द्यायला नको होता, सॅक टाकायला पाहिजे होती.

धावलो थोडं. पण गर्दीत सगळ्या साड्या पांढऱ्याच होत्या, आणि आण्णा थांबले हे तिला कुणी सांगितलंही नसेल. सांगितलं असतं तरी ती थांबणार नव्हती.